राइट विंगवरचा घरकोंबडा

स्पेनमध्ये सेव्हिलच्या दक्षिणेला लॉस पालासिओस नावाचं एक छोटं गाव आहे. आजूबाजूला शेती, आणि सेव्हिलला गाडीने जायला फार तर पाऊण तास. म्हणजे आपल्याकडे रोज अप-डाऊन करणारे लोक याला अंतरच म्हणणार नाहीत. या गावात २१ नोव्हेंबर १९८५ ला जन्मलेल्या एका मुलाला जगातल्या बड्या बड्या क्लबांनी गळ टाकून पाहिले. आणि तो काय म्हणाला? नको. मला घरी जायचंय.

हेसूस नावास. इंग्लिश कॉमेंटेटर त्याला ‘जीझस’ म्हणायचे आणि मग त्यावर ठरलेले विनोद व्हायचे. ते आपण सोडून देऊ.

नावास राइट विंगर होता, तोही जुन्या पद्धतीचा. हे जरा समजावून सांगते, कारण आजकाल ही जात दुर्मीळ झालीये. पूर्वी विंगरचं काम एकदम सरळ असायचं. बाजूची पांढरी रेघ पकडायची, समोरच्या डिफेंडरला पळून मागे टाकायचं, पार गोललाइनपर्यंत जायचं आणि तिथून बॉल मधे फेकायचा. गोल मारायचा तो दुसऱ्याने. फोटोही त्याचाच छापून येणार. मग मेस्सी, रॉबेन वगैरे मंडळी आली. डाव्या पायाच्या माणसाला उजवीकडे ठेवा, तो आत वळेल आणि स्वतःच गोल ठोकेल, असा नवा फंडा निघाला. विंगर एका रात्रीत हीरो झाले. नावास मात्र उजव्या पायाचा आणि उजव्याच बाजूचा. पळायचा, क्रॉस टाकायचा, परत यायचा. पुन्हा पळायचा. ऑफिसात नाही का एखादा असतो, प्रेझेंटेशन दुसराच करतो पण सगळी एक्सेल याने भरलेली असते? तसा.

नोव्हेंबर २००३ मध्ये, नुकती अठरा पूर्ण झालेली असताना, तो सेव्हिया क्लबच्या मुख्य संघाकडून पहिल्यांदा खेळला. अंगकाठी बारीक, उंची बेताची, डोळे निळे आणि पळणं असं की समोरच्याने अडवावं की बघत बसावं! त्याच्या मागे राइट बॅकला दानी आल्वेस. दोघांनी मिळून उजवी बाजू अशी काही हलवून सोडली की २००६ आणि २००७, लागोपाठ दोन वर्षं सेव्हियाने युएफा कप उचलला. त्याआधी या क्लबकडे एकही युरोपियन ट्रॉफी नव्हती, हे लक्षात घ्या.

आणि याच काळात हा मुलगा कॅम्प सोडून घरी पळून येत होता.

मॅचपुरतं बाहेर जायला त्याची हरकत नसायची. गेला, खेळला, परत आला. पण आठवडा-दोन आठवडे घराबाहेर राहायचं म्हटलं की त्याच्या छातीत धडधड सुरू व्हायची, श्वास कोंडायचा, पॅनिक अटॅक यायचे. क्लबच्या सराव शिबिरातून तो परत आला. स्पेनच्या ज्युनियर संघांच्या कॅम्पमधूनही परत आला. २००६ मध्ये चेल्सीशी बोलणी चालली होती. अब्रामोविचची चेल्सी बरं का, मोरिन्होची चेल्सी, पैशाची नुसती गंगा वाहत होती. ते लंडनही बारगळलं. लोकांनी काय म्हटलं असेल ते मी सांगायला नको. एवढं टॅलेंट, आणि आईचा पदर सुटत नाही!

मला हा माणूस कळला तो याच वाक्यामुळे. मी कोल्हापूरची. आमच्याकडे फुटबॉल हा तालमींचा विषय आहे. पाटाकडील तालमीची मॅच असली की शाहू स्टेडियममध्ये अर्धं गाव असतं, आणि वर्ल्डकपच्या महिन्यात गल्ल्यागल्ल्यांत ब्राझील-अर्जेंटिनाचे झेंडे. त्यामुळे विंगर म्हणजे काय हे मला पुण्यात येऊन शिकावं लागलं नाही. पुण्यात येऊन शिकले ते दुसरंच. पहिला जॉब, कर्वेनगरची पीजी, खोलीत तिघी. रविवारी संध्याकाळी साडेसहा-सात वाजले की माझ्या पोटात गोळा यायचा. ‘रडू येतं’ म्हणतात तसं काही नाही. घास गिळता यायचा नाही, बस्स. शुक्रवारी ऑफिस सुटलं की थेट स्वारगेट, कोल्हापूरची एसटी, आणि कात्रजचा बोगदा गेला की मला भूक लागायची. खरंच सांगते, बोगदा गेला की! सोमवारी पहाटेच्या गाडीने परत. टीममध्ये माझं नाव ‘घरकोंबडी’ पडलं होतं. प्रेमानेच म्हणायचे, पण म्हणायचे.

आपल्याकडे होमसिक या शब्दाला कोणी सिरियसली घेतच नाही. ताप आला तर सिक लीव्ह, पाय मोडला तर सिक लीव्ह, आणि होमसिक झालात तर? जोक. होस्टेलला गेलेल्या पोराला चार दिवसांनी फोन करून विचारायचं, ‘काय रे, रुळलास ना?’ आणि त्याने ‘हो’ म्हणायचं, एवढाच काय तो उपचार. अठराव्या वर्षी जगापुढे खेळणाऱ्या, पैसा-प्रसिद्धी सगळं हातात असलेल्या माणसाच्या शरीराने ‘नाही’ म्हणून सांगितलं, हे मला तेव्हा फार मोठं वाटलं होतं. आजही वाटतं. कारण तो घाबरट असता तर साठ हजार लोकांसमोर नव्वद किलोच्या डिफेंडरच्या अंगावर धावून गेला नसता ना! धैर्य आणि घराची ओढ हे एकाच माणसात, एकाच वेळी, अगदी सुखाने राहू शकतात.

ऑगस्ट २००७ मध्ये त्याच्या बरोबरीचा आन्तोनिओ पुएर्ता, सेव्हियाच्याच मुशीतून आलेला, डाव्या बाजूचा खेळाडू, मैदानात कोसळला आणि तीन दिवसांनी गेला. वय बावीस. पुएर्ताचा नंबर होता १६. पुढे अनेक वर्षांनी नावास सेव्हियासाठी हाच १६ नंबर घालून खेळायला लागला. त्यावर जास्त काही लिहीत नाही.

मग तो बरा कसा झाला? जादू नव्हती. मानसोपचाराची मदत घेतली, वेळ दिला, आणि हळूहळू, टप्प्याटप्प्याने घरापासूनचं अंतर वाढवत नेलं. नोव्हेंबर २००९ मध्ये तो स्पेनच्या सीनियर संघाकडून पहिली मॅच खेळला, अर्जेंटिनाविरुद्ध, माद्रिदमध्ये. मे २०१० मध्ये कोपा देल रेच्या फायनलमध्ये अॅटलेटिको माद्रिदवर गोल केला आणि सेव्हियाने कप जिंकला. आणि त्यानंतर महिन्याभरात हा घरकोंबडा कुठे होता? दक्षिण आफ्रिकेत. वर्ल्डकपला. घरापासून हजारो किलोमीटर लांब, आणि एक-दोन दिवस नाही, चांगला महिनाभर.

११ जुलै २०१० ची फायनल आपल्याकडे रात्री बाराला सुरू झाली होती. पीजीच्या हॉलमधला टीव्ही दहाला बंद व्हायचा असा नियम होता. आम्ही दोघींनी आठवडाभर आधीपासून काकूंना मस्का लावला, तेव्हा कुठे ‘आवाज बंद ठेवून बघा’ अशी परवानगी मिळाली. काकू स्वतःच येऊन बसतील हे काही आम्हाला माहीत नव्हतं. स्पेन विरुद्ध हॉलंड, नुसती मारामारी चाललेली. साठाव्या मिनिटाला पेद्रोला बाहेर काढून नावासला आत पाठवलं. तो आला तशा काकू म्हणाल्या, ‘हा बारका कोण गं? याला मोडतील की हे!’

कोणी मोडलं नाही. एक्स्ट्रा टाइम सुरू झाला, दोन्ही टीम थकून लोंबकळायला लागल्या, पेनल्टी शूटआउट होणार हे जवळजवळ ठरलंच होतं. ११६ वं मिनिट. आपल्याकडे अडीच वाजायला आलेले. स्पेनच्या अर्ध्या भागात उजवीकडे बॉल नावासकडे आला आणि तो पळत सुटला. बाकीचे सगळे पाय ओढत असताना हा एकटा पळत होता. तिथून तो बॉल इनिएस्ता, फाब्रेगास, तोरेस असा फिरत फिरत शेवटी परत इनिएस्ताकडे आला, आणि पुढचं सगळ्यांना माहीत आहे. इनिएस्ताने शर्ट काढला, स्पेन पहिल्यांदा जगज्जेता झाला, इनिएस्ताचं नाव अमर झालं. गोलची क्लिप दाखवतात ना, ती बहुतेक वेळा तोरेसच्या क्रॉसपासून सुरू करतात. दहा-बारा सेकंद आधीपासून बघा कधीतरी. सुरुवात तो बारका करतो.

म्हणून मला विंगर आवडतात.

आता गंमत बघा. २००६ मध्ये जो लंडनला जायला तयार नव्हता, तो २०१३ मध्ये मँचेस्टरला गेला. मँचेस्टर सिटीने सुमारे दीड कोटी पौंड मोजले. सूर्याच्या गावातून थेट पावसाच्या गावात! पण तोवर सात वर्षं गेली होती. सिटीमध्ये तेव्हा कोच पेलेग्रिनी, म्हणजे स्पॅनिश बोलणारा. संघात दाविद सिल्वा. म्हणजे अगदीच परका मुलूख नव्हता. २४ नोव्हेंबर २०१३ ला टॉटनहॅमविरुद्ध त्याने चौदाव्या सेकंदाला गोल केला. चौदाव्या मिनिटाला नव्हे, सेकंदाला. लोक अजून सीट नंबर शोधत असतील. पहिल्याच सीझनला प्रीमियर लीग, लीग कपच्या फायनलमध्ये त्याचा गोल, २०१६ मध्ये आणखी एक लीग कप. तो तिथे चार वर्षं राहिला.

तिथे तो सुपरस्टार झाला असं मात्र मी म्हणणार नाही. इंग्लंडमध्ये त्याच्या क्रॉसवरून भरपूर टिंगल झाली. पहिल्या डिफेंडरला आपटतात, कोणाच्या डोक्याला लागत नाहीत, गोल तर करतच नाही. त्यात तथ्य होतं. नंतर नंतर गोलचा हिशेब फारच आटला होता. गार्डिओला आल्यावर त्याला अधूनमधून राइट बॅकलाही खेळवायला लागले. ज्या वयात विंगरच्या पायातला वेग ओसरायला लागतो, त्या वयात त्याला जणू सांगितलं गेलं की बाबा, दोन पावलं मागे ये. २०१७ मध्ये कॉन्ट्रॅक्ट संपलं आणि तो परत सेव्हियाला आला. बत्तिशीजवळ आलेला, विंगर की बॅक हे नक्की नसलेला.

आपल्या भाषेत याला काय म्हणतात ठाऊक आहे? ‘परत आला बिचारा.’ यूएसहून परत आलेल्या प्रत्येकाला विचारतात तसं: कायमचा आलास? का? काही प्रॉब्लेम झाला का?

प्रॉब्लेम काहीच झाला नव्हता. उलट करिअरचा दुसरा भाग आता सुरू होत होता. त्याने राइट बॅकची जागा स्वीकारली. जुने विंगर जे करायचे, म्हणजे रेघेवरून पळून क्रॉस टाकायचा, ते काम आता फुल बॅकच करतात, हे फुटबॉलचं बदललेलं गणित त्याच्या पथ्यावर पडलं. त्याने खेळ बदलला नाही, तीस मीटर मागून सुरुवात केली इतकंच. २०२० च्या युरोपा लीगची सेमीफायनल: मँचेस्टर युनायटेडविरुद्ध विजयी गोल लुक डी याँगचा, क्रॉस नावासचा. फायनल, इंटर मिलानविरुद्ध: पहिली बरोबरी डी याँगच्या हेडरने, क्रॉस नावासचा. कप हातात घेणारा कॅप्टनही तोच. २०२३ ची फायनल बुडापेस्टमध्ये, समोर मोरिन्होची रोमा. पंचावन्नाव्या मिनिटाला क्रॉस पुन्हा नावासचा, आणि तो अडवायला गेलेल्या मॅन्चिनीने बॉल स्वतःच्याच गोलमध्ये घातला. पेनल्टीवर सेव्हिया जिंकली. इंग्लंडमध्ये ज्या क्रॉसना हसले, त्या क्रॉसने दोन कप आणले! स्कोअरकार्डवर त्याचं नाव एकदाही नाही, हे वेगळं सांगायला नको.

स्पेननेही २०१९ मध्ये त्याला पुन्हा बोलावलं. २०२३ मध्ये नेशन्स लीग जिंकली. आणि मग युरो २०२४. वय अडतीस. २०१० च्या वर्ल्डकप संघातला संघात उरलेला तो एकमेव माणूस. गटातल्या अल्बानियाविरुद्धच्या मॅचला त्याला कॅप्टन केलं, तेव्हा मला वाटलं, चला, निरोपाचा मान दिला. पण ९ जुलैला म्युनिकमध्ये सेमीफायनल, समोर फ्रान्स, आणि कार्वाहाल सस्पेंड. म्हणजे एम्बाप्पेला कोण अडवणार? अडतीस वर्षांचा नावास, तोही दुखऱ्या कमरेने.

त्याच्या पुढे, त्याच्या जुन्या जागेवर, राइट विंगला होता लामिन यामाल. वय सोळा. मी हिशेब केला. जोहान्सबर्गच्या त्या फायनलच्या रात्री यामालला तीन वर्षंसुद्धा पूर्ण झाली नव्हती, दोन दिवस बाकी होते. नवव्या मिनिटाला एम्बाप्पेने त्याच बाजूने बॉल टाकला आणि फ्रान्सचा गोल झाला. व्हॉट्सअॅप ग्रुपवर लगेच सुरू: ‘काका दमले’. मग एकविसाव्या मिनिटाला यामालने तो अफाट गोल मारला, आणि चार मिनिटांनी नावासने उजवीकडून क्रॉस टाकला, तो फ्रान्सच्या डिफेंडरने कसाबसा बाहेर काढला, ओल्मोने उचलला आणि २-१. अठ्ठावन्नाव्या मिनिटाला तो बाहेर आला. पाच दिवसांनी स्पेन युरोपचा राजा झाला. त्याच संघात फाबियान रुईसही होता, आणि तो कुठला? लॉस पालासिओसचाच! गावी पण तिथलाच. त्या गावच्या पाण्यात काय आहे देव जाणे.

त्याच वर्षी सेव्हिया सोडणार अशी बातमी आली, मग तोडगा निघाला आणि डिसेंबरपर्यंत खेळायचं ठरलं. खुब्याचं दुखणं काही वर्षांपासूनचं होतं. मॅचनंतर चालायलाही त्रास व्हायचा, असं त्याने नंतर सांगितलं. सेव्हियासाठी सातशेच्या वर मॅचेस, क्लबच्या इतिहासात सगळ्यात जास्त. सेव्हियाची ज्युनियर टीम ज्या छोट्या स्टेडियममध्ये खेळते, त्याला तो खेळत असतानाच त्याचं नाव दिलेलं होतं. शेवटची मॅच २२ डिसेंबर २०२४ ला, बर्नाबेऊवर, रेआल माद्रिदविरुद्ध. माद्रिदच्या खेळाडूंनी दोन रांगा करून त्याला टाळ्या वाजवत मैदानात आणलं. सेव्हिया ४-२ हरली.

त्या रात्री मी हे सगळं आईला फोनवर सांगत होते. आईला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, म्हणजे कोल्हापुरात राहून ही कमालच आहे. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘मग आता तो राहणार कुठं?’ मी म्हटलं, ‘सेव्हिललाच असेल, अजून कुठे?’ ‘मग बरं आहे,’ म्हणाली, आणि गवारीच्या भाजीवर गेली.

हे सगळं आत्ता आठवायचं कारण म्हणजे मला ऑफिसने विचारलंय. टोरोंटो, दोन वर्षं, टीम लीडची पोस्ट. पंधरा वर्षांत रविवार संध्याकाळचा तो गोळा पुष्कळ लहान झालाय, पण गेलेला नाही. मॅनेजर चांगली आहे, पण तिला ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच समजतं. मैत्रिणी म्हणतात, वेडी आहेस का, असा चान्स पुन्हा येत नाही. चान्स पुन्हा येतो की नाही ते मला माहीत नाही. चेल्सीचा नाही आला, मँचेस्टरचा आला.

काल रात्री मी एचआरला मेल टाकला. त्यात ‘हो’ नाही आणि ‘नाही’ही नाही. विचारलंय, एप्रिलऐवजी ऑगस्टमध्ये गेलं तर चालेल का, आणि पहिले तीन महिने झाल्यावर एकदा घरी येऊन जायला तिकीट मिळेल का. अजून उत्तर आलेलं नाही.